आडवा आठ आणि मृगातला धुरकट ठिपका

हेलिऑस ४४-२ ही सोव्हिएत काळातली ५८ मिमी फोकल लेंथची लेन्स, एफ/२, म्हणजे आतलं छिद्र पूर्ण उघडं असतानाचा आकडा. अंग सगळं धातूचं. फोकसची रिंग जुन्या ग्रीसमुळे जराशी जड फिरते आणि शेवटी एका जागी टक्कन अडते. तिथे आडवा आठ कोरलेला असतो, म्हणजे अनंत. तारे अनंतावर, तेव्हा रिंग शेवटपर्यंत फिरवायची आणि बटण दाबायचं, इतका माझा सरळ हिशोब. वेल्ह्याच्या पुढे एका पठारावर, डिसेंबरच्या थंडीत, पहिल्या रात्री ऐंशी फोटो काढले. घरी येऊन मोठे करून पाहिले तर एकही तारा नाही. सगळा भिजवलेला साबुदाणा.

लेन्स निर्दोष होती. तिच्या मागे ४२ मिमी व्यासाचे आटे असतात, बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. या पद्धतीला एम-४२ माउंट म्हणतात. अशा लेन्सला माउंटपासून फिल्म किंवा सेन्सर बरोबर ४५.४६ मिमीवर लागतो. आरसा नसलेल्या सोनी ई कॅमेऱ्यात हे अंतर १८ मिमी. उरलेले २७.४६ मिमी भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. आत ना काच, ना वायर. निकॉनच्या आरसेवाल्या कॅमेऱ्यात मात्र हे अंतर मुळातच ४६.५ मिमी. तिथे लेन्स जेमतेम एक मिमी जास्त पुढे राहते, आणि तेवढ्यानेच सव्वातीन मीटरपलीकडचं सगळं धूसर होतं. ताऱ्यांचं नावच नको.

स्वस्त अडॅप्टर बरेचदा किंचित आखूड असतात. लेन्स अनंताच्या अलीकडेच अडण्यापेक्षा थोडी पलीकडे गेलेली बरी, म्हणून. दिवसा हे जाणवतही नाही. पण अडॅप्टर ०.०५ मिमी, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, आखूड असला तर एफ/२ ला आडव्या आठावर ताऱ्याची २५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) चकती होते. माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल चार मायक्रॉनचा. एक तारा सहा पिक्सेल रुंद! साबुदाणा तो हाच.

मग खरं अनंत शोधायचं कुठे? लांबच्या दिव्यावर फोकस लावा, असं पुष्कळ जण सांगतात. शंभर मीटरवरचा दिवा धरलात तर तारा तरीही चार पिक्सेलांचा होईल, निदान किलोमीटरभर तरी दूर हवा. त्यापेक्षा सरळ व्याध धरावा. लेन्स पूर्ण उघडी ठेवायची, मागच्या स्क्रीनवर तारा दहा पट मोठा करायचा आणि रिंग अगदी सावकाश मागे आणायची. चकती आकसत जाते, तिच्या कडेची जांभळी झाक आत ओढली जाते, आणि एका क्षणी नुसता टिंब उरतो. जरा पुढे गेलं की पुन्हा फुगते. टिंब सापडला की रिंगवर चिकटपट्टी. रात्र थंड होत जाते तसा धातू आकसतो, म्हणून तासाभराने पुन्हा तपासायचं.

नव्या ऑटोफोकस लेन्समध्ये अशी चिकटपट्टी अनेकदा कुचकामी ठरते. रिंग फक्त मोटरला निरोप देते आणि कॅमेरा बंद केला की फोकस हललेला असू शकतो. जुन्या लेन्सला हा विसरभोळेपणा नाही.

पुढची अडचण पृथ्वीची. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) सरकतं, आणि ५८ मिमीच्या लेन्समधून माझा एक पिक्सेल साधारण १४ विकला पाहतो. म्हणजे मृगासारख्या, खगोलीय विषुववृत्ताजवळच्या नक्षत्रातला तारा सेकंदाला एक पिक्सेल पळतो. ताऱ्याची रेघ न होता किती सेकंद फोटो घेता येईल हे सांगणारा, फिल्मच्या जमान्यातला '५०० भागिले फोकल लेंथ' हा नियम इथे साडेआठ सेकंद चालतील म्हणतो. नऊ पिक्सेलांची रेघ मला खुपते. मी तीन सेकंदांवर थांबतो, तसे दोनशे फोटो काढतो आणि संगणकावर एकावर एक जुळवतो. तारे जागच्या जागी बसतात, खरखर, म्हणजे अंधारात फोटोवर उमटणारे वेडेवाकडे कण, दर फोटोत वेगळी असल्याने विरत जाते. दोनशे फोटोंत साधारण चौदा पट फरक पडतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर मृगाच्या पोटातल्या बाणाखाली तीन फिकट ठिपके आहेत, त्यातल्या मधल्यासाठी. तो तारा नव्हे, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकणारा ढग, आहे. शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाच्या यादीत त्याचा क्रमांक ४२, म्हणून तोही एम-४२. लेन्सच्या आट्यांशी याचा काडीचा संबंध नाही, पण मला गंमत वाटते. त्याचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी काढला. ११ इंची दुर्बीण, आकाशामागे फिरवणारं घड्याळी यंत्र आणि ५१ मिनिटांचं एक्स्पोजर.

माझी दहाच मिनिटं. त्यात तेजोमेघ दीड-दोनशे पिक्सेलांचा, कडेला गुलाबी पंख, आणि मधला भाग जळून पांढराफट्ट. तिथले तारे वेगळे दिसायला एकेका सेकंदाचे फोटो वेगळे घ्यावे लागतील. फ्रेमच्या कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना एफ/२ ला पाखरांसारखे पंख फुटतात, छिद्र जरा लहान करून एफ/२.८ केलं की बरेचसे मिटतात. हे सगळं पुढच्या अमावास्येला. तोवर चिकटपट्टी काढलेली नाही.