मेतेओरा : अधांतरी मठांची पूर्वपीठिका

ग्रीसच्या थेसली प्रांतात, पिनिओस नदीच्या खोऱ्यात, कालाम्बाका या गावाच्या माथ्यावर दगडी सुळक्यांचा एक पुंजका उभा आहे. त्या सुळक्यांवरच्या ख्रिस्ती मठसमूहाला मेतेओरा म्हणतात. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘हवेत टांगलेले’. मराठीत त्याला ‘अधांतरी’ हा नेमका शब्द आहे. एकेकाळी येथे 24 मठ होते. आज सहा नांदते आहेत, आणि ते सगळे एका दिवसात उरकण्याचा बेत बहुतेक प्रवासी आखतात. तो आखण्यापूर्वी हे मठ इतक्या अवघड जागी का बांधले गेले, हे जाणून घ्यावे, कारण कोठे किती वेळ द्यायचा याचे उत्तर त्यातच मिळते.

हे सुळके गोट्या आणि वाळू घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे आहेत. प्राचीन नदीने आणून टाकलेला गाळ कोट्यवधी वर्षांत दगड झाला, पुढे तो वर उचलला गेला आणि भूकंप, पाऊस व वाऱ्याने त्याचे स्तंभ कोरले. त्यांच्या कपारींत अकराव्या शतकापासून एकांतवासी साधू राहू लागले. मात्र संघटित मठजीवनाचा पाया घातला तो चौदाव्या शतकाच्या मध्यास, अथानासिओस या साधूने. ईशान्य ग्रीसमधील अथोस पर्वतावरील मठांना तुर्की चाचे सतावू लागल्यामुळे तो तेथून निघाला होता. सर्वांत विशाल सुळक्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, त्याने महामेतेओरो मठ स्थापन केला. थेसलीच्या सर्बियन राजघराण्यातील योहान उरोश हा सत्ता सोडून त्याचा शिष्य झाला आणि इओआसाफ या नावाने त्याने 1387-88 च्या सुमारास तेथील चर्च वाढवले. सोळाव्या शतकात पुढे मोठे चर्च जोडले गेले, तेव्हा इओआसाफचे जुने चर्च पाडले नाही. ते नव्या वास्तूचा गाभारा झाले. आत उभे राहून ही गोष्ट ध्यानात घेतली, तर दोन शतके एका छपराखाली दिसतात.

1393 मध्ये थेसली ऑटोमन तुर्कांच्या सत्तेखाली गेली. खाली राज्ये बदलत होती, अशा काळात कोणालाही सहज चढता न येणारा कडा हाच मठांचा तट होता. वर जाण्यास एकमेकींना बांधलेल्या लाकडी शिड्या होत्या, किंवा दोरखंडाचे जाळे. पाहुणा जाळ्यात मांडी घालून बसे, जाळ्याची तोंडे डोक्यावर एकत्र करून आकड्यात अडकवली जात आणि वरचे साधू रहाट फिरवू लागत. शिंक्यासारखे ते गाठोडे कड्यालगत गिरक्या घेत वर सरके. धान्य, तेल आणि बांधकामाचे सामान याच वाटेने गेले. वार्लाम मठाचे सामान वर चढवण्यास 22 वर्षे लागली आणि चर्च मात्र 20 दिवसांत उभे राहिले, असे तेथील परंपरा सांगते. त्या मठात जुना रहाट आणि पाणी साठवण्याचे 12,000 लिटरचे लाकडी पिंप आजही पाहावयास मिळते. कड्यांत कोरलेल्या पायऱ्या 1920 च्या दशकातील आहेत; त्या चढताना जाळ्याची आठवण ठेवावी.

चित्रकलेची आवड असणाऱ्याने माझ्या मते सर्वांत आधी आयिओस निकोलाओस अनापाफसास हा लहानसा मठ गाठावा. सुळक्याचा माथा अरुंद असल्याने तेथील दालने एकावर एक रचलेली आहेत. क्रीट बेटावरच्या थेओफानिस या चित्रकाराने 1527 मध्ये त्याच्या भिंती रंगवल्या. प्राण्यांना नावे देणारा आदम तेथे पाहताना घाई करू नये. युनेस्कोने 1988 मध्ये मेतेओराला जागतिक वारसा ठरवताना निसर्ग आणि संस्कृती हे दोन्ही निकष मानले, त्यात या सोळाव्या शतकातील भित्तिचित्रांचाही वाटा आहे.

हे सहाही मठ वस्तुसंग्रहालये नाहीत. तेथे आजही साधू आणि जोगिणी राहतात व प्रार्थना चालते. म्हणूनच मठांचे साप्ताहिक बंद सगळे एकाच वारी नसतात, उन्हाळी-हिवाळी वेळा बदलतात, स्त्रियांना लांब घागरा आणि सर्वांना खांदे झाकणारा पोशाख घालावा लागतो. दोन दिवस हाती ठेवून, बंदचे वार आधी पाहून दररोज तीन मठ केले, तर बंद सहसा आड येत नाही. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर आयिओस स्तेफानोसपासून आरंभ करावा. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या यादवीत हानी सोसलेला हा मठ 1961 मध्ये जोगिणींनी पुन्हा नांदता केला, आणि रस्त्यावरून एक छोटा पूल ओलांडला की थेट त्याच्या दारात पोहोचता येते.