दोन डाइव्हमधला नायट्रोजन

गोव्यात मुरगावजवळच्या ग्रांद बेटाच्या आडोशाला बोट नांगरलेली असते. पाठीवर हवेची टाकी लावून मारलेली पहिली डाइव्ह आटोपून मंडळी वर आलेली, वेटसूट कमरेपर्यंत उतरवलेले, हातात चहा. दुसरी टाकी तयार आहे, मग थांबायचं कशाला, असं कुणीतरी विचारतंच. इन्स्ट्रक्टर मालवणकडचा असला तर सांगतो, "वायच बसा. दर्या खंय जाता?" या तासाभराच्या थांब्याला डायव्हर सरफेस इंटरव्हल म्हणतात. बरेचजण तो मोबाइल बघण्यात घालवतात आणि मला त्याची हळहळ वाटते. कारण ज्या वायूमुळे आपल्याला थांबावं लागतं, त्याच वायूची मोठी उलाढाल त्या वेळी बोटीभोवती चाललेली असते.

हवेत 78 टक्के नायट्रोजन. एरवी तो श्वासाबरोबर आत जातो आणि तसाच बाहेर येतो. समुद्रात मात्र दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. 12 मीटरवर तो पृष्ठभागाच्या 2.2 पट होतो आणि रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र, आपल्याला त्याच दाबाची हवा पुरवतो. दाब जास्त असला की वायू द्रवात जास्त विरघळतो, म्हणून नायट्रोजन आधी रक्तात आणि मग स्नायूंत, चरबीत साठत जातो. वर येताना दाब उतरतो तसा तो परत निघतो. सावकाश निघाला तर फुप्फुसांवाटे निमूट बाहेर पडतो. घाईने निघाला तर शरीरातच त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही ओढवू शकतं.

ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे गणित बकऱ्यांवर प्रयोग करून बसवलं आणि 1908 साली प्रसिद्ध केलं. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने रिकामे होत नाहीत, हे त्यांचं मर्म. त्यांनी काल्पनिक कप्पे धरले: कुठे जादा नायट्रोजन निम्मा व्हायला 5 मिनिटं, कुठे 10, 20, 40, तर कुठे 75. आता एक तास थांबलो असं समजा. 5 मिनिटांचा कप्पा जवळपास रिकामा झालेला असतो. 20 मिनिटांच्या कप्प्यात आठवा हिस्सा उरतो. 75 मिनिटांच्या कप्प्यात मात्र निम्म्याहून जास्त नायट्रोजन अजून तसाच असतो. दुसऱ्या डाइव्हला आपण ही शिल्लक घेऊनच उतरतो. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर दुसऱ्या खेपेला पाण्याखाली राहायला कमी वेळ दाखवतो तो याच कारणाने.

आता बोटीच्या कडेवरून खाली बघा. फेब्रुवारी ते मे या दिवसांत वारा पडलेला असेल तर पाण्यावर कधीकधी तपकिरी-पिवळसर पट्टे दिसतात. लोकांना तो बंदरातून आलेला कचरा वाटतो. जुने खलाशी त्याला समुद्रावरचा लाकडाचा भुसा म्हणत. ग्लासभर पाणी घेऊन उन्हात धरलं की बारीक काड्यांच्या जुड्या दिसतात, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या. ग्लास हलवून ठेवला तर त्या पुन्हा वर येऊन तरंगतात, कारण त्यांच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. हा ट्रायकोडेस्मियम, एक सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू. पाण्यात विरघळलेला नायट्रोजन पकडून त्याचं खत बनवणं, हे काम बहुतेक सजीवांना जमत नाही आणि याला जमतं. त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं. तरीही हा पठ्ठ्या भर उन्हात, प्रकाशसंश्लेषणातून स्वतःच ऑक्सिजन बनवत असताना, हे काम उरकतो. मला अरबी समुद्रातली ही सगळ्यात नवलाची गोष्ट वाटते.

याच समुद्रात उलटा व्यवहारही चालतो. भर समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटर खोलीच्या थरात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच. तिथले जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. जगातल्या समुद्रांत ज्या मोजक्या ठिकाणी हे मोठ्या प्रमाणावर घडतं, त्यात अरबी समुद्राचा नंबर फार वरचा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात असं ऑक्सिजन हरवलेलं पाणी थेट किनाऱ्यालगतच्या उथळ भागात चढतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोर ठरलेल्या जागी पुन्हापुन्हा जाऊन त्याची मोजमापं घेत आले आहेत. एकीकडे नायट्रोजन सुटतो, दुसरीकडे तो तपकिरी भुसा त्यातला काही परत आणतो.

नशीब असेल तर समुद्री सापही दिसतो. आधी नुसतं डोकं वर येतं. नाकपुड्या मुस्कटाच्या वरच्या अंगाला, झडपांनी बंद होणाऱ्या. दोन-चार श्वास, मग वल्ह्यासारखी चपटी शेपटी वळते आणि तो खाली जातो. विषारी आहे, तेव्हा हात लांबच ठेवा. त्याचं फुप्फुस जवळजवळ अंगभर लांब असतं. ते हवेने भरून दिवसभर खालीवर करणाऱ्या या प्राण्याला बुडबुड्यांचा त्रास कसा होत नाही? प्राणीशास्त्रज्ञ रॉजर सेमूर यांनी 1974 साली 'नेचर'मध्ये याचं उत्तर सुचवलं: साप पाण्याखाली असतानाच त्याच्या कातडीतून नायट्रोजन समुद्रात निघून जातो. आपण तासभर बसून जे करतो ते तो पोहता पोहता करतो.

डॉल्फिनचं गणित वेगळं. ग्रांदच्या वाटेवर दिसतात ते बहुधा पाठीवर उंचवटा असलेले हम्पबॅक डॉल्फिन, उथळ किनाऱ्याचे रहिवासी आणि आज संकटग्रस्त. ते वरून एकदाच छातीभर हवा घेऊन जातात. आपल्यासारखी दाबाखालची हवा त्यांना सतत मिळत नसल्याने नायट्रोजन फार साठत नाही. त्यांच्यामागे बोटी पळवणं मला अजिबात पटत नाही. इंजिन बंद करून थांबलं तर पुष्कळदा ते आपणहून जवळून जातात आणि श्वास सोडल्याचा फुस्स आवाज स्पष्ट ऐकू येतो.

दुसरी डाइव्ह झाली तरी हिशेब मिटत नाही. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जाऊ द्यावेत, असं डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणारी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था सांगते, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो. आपल्याकडे विमानाचा विचार बहुतेकजण करतात, घाटाचा करत नाहीत. गोव्यातून कोल्हापूर किंवा बेळगावकडे परतताना आंबोलीत आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 700 मीटर वर जातो आणि डायव्हिंगच्या शिक्षणात 300 मीटरच्या पुढची उंची हिशेबात धरतात. त्यामुळे दुपारी दुसरी डाइव्ह आणि संध्याकाळीच घाट असा बेत आखू नका. ती रात्र गोव्यातच काढा, आणि दुसऱ्या दिवशी कधी निघायचं ते इन्स्ट्रक्टरला विचारून ठरवा.