शांतता-धोरण आणि शस्त्रनिर्यात

शांततेचा पुरस्कार करणारे राष्ट्रच शस्त्रविक्रीतून उत्पन्न मिळवू लागले, की त्याचे घोषित धोरण आणि आर्थिक हितसंबंध यांच्यात विरोध निर्माण होतो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने जागतिक शांततेची प्रमुख जबाबदारी सुरक्षा परिषदेवर सोपवली आहे. परंतु परिषदेचे पाचही स्थायी सदस्य मोठ्या शस्त्रनिर्यातदारांत मोडतात.

सोलापूरकरांना हा विरोध डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या चरित्रातून जवळून दिसतो. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर त्यांनी उपचार केले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद सांभाळले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. हे जखमी ज्या युद्धयंत्रणेमुळे त्यांच्यापुढे येत होते, तिला लागणारे भंगार लोखंड आणि खनिज तेल मोठ्या प्रमाणात अमेरिका पुरवत होती. चीनविषयी सहानुभूती असूनही तिने भंगाराची निर्यात १९४० पर्यंत आणि तेलाची १९४१ पर्यंत रोखली नाही. हा माल म्हणजे शस्त्रे नव्हती, हे खरे. पण तेवढ्याने पुरवठादाराची जबाबदारी संपत नाही.

शस्त्रनिर्यातीच्या समर्थनार्थ ग्राहक देशाचे स्वसंरक्षण आणि रोजगार ही कारणे दिली जातात. पहिले गंभीरपणे घ्यावे असे आहे : फिलिपिन्सने २०२२ च्या करारानुसार भारताकडून ब्राह्मोस क्षेपणास्त्रे घेतली, ती किनाऱ्याच्या रक्षणासाठी. दुसरे सोलापूरला सहज पटेल, कारण गिरण्या बंद पडल्यावर कामगारांच्या कुटुंबांची झालेली वाताहत या शहराने पाहिली आहे. तरीही येथून परदेशी जाणारा टॉवेल आणि तोफगोळा यांची तुलना केवळ मिळालेल्या कामावरून करता येत नाही; विकलेला तोफगोळा पुढे कोणावर पडेल, हे विक्रेत्याच्या हाती राहत नाही.

वंशसंहारासाठी वापर होणार हे ठाऊक असताना शस्त्रे देण्यास मनाई करणारा शस्त्रव्यापार करार २०१३ मध्ये संमत झाला. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला आणि करारात सामील झालेला नाही. राज्यघटनेचे कलम ५१ आंतरराष्ट्रीय शांततेच्या संवर्धनाचा प्रयत्न राज्यसंस्थेवर सोपवते. दुसरीकडे संरक्षण निर्यात २०१३–१४ मधील ६८६ कोटी रुपयांवरून २०२४–२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली. एकूण रक्कम सरकार दरवर्षी जाहीर करते, मात्र कोणत्या देशाला कोणते शस्त्र दिले याचा पूर्ण तपशील सामरिक कारणास्तव देत नाही, त्यामुळे एखादी विक्री कलम ५१ शी सुसंगत आहे की नाही हे नागरिकांना तपासता येत नाही.