दात्याची देणगी आणि जतनाचा निर्णय : अमेरिकेतील वारसा-जतनाची पार्श्वभूमी

जुन्या वास्तूंसाठी आयुष्यभर मुक्तहस्ताने देणाऱ्या स्थानिक दात्याचे स्मरण करताना वाचलेल्या घरांचा आणि दिलेल्या रकमेचा उल्लेख हमखास होतो. त्या रकमेबरोबर काय राखायचे आणि काय पाडायचे हे कोणी ठरवले, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते. अमेरिकेच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही, कारण तेथे जतनाची चळवळ सरकारी खजिन्यातून नव्हे, तर खासगी देणग्यांतून उभी राहिली. पोटोमॅक नदीकाठचे माऊंट व्हर्नन हे पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे घर विकत घेण्यास केंद्र आणि राज्य या दोन्ही सरकारांनी नकार दिल्यानंतर, १८५३ मध्ये एका महिलेने केलेल्या आवाहनातून संघटित झालेल्या स्त्रियांनी वर्गणी गोळा केली आणि १८५८ मध्ये २ लाख डॉलरला त्या खरेदीचा करार केला.

दातृत्वाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा या दोन्ही सर्वांत स्पष्ट दिसतात त्या व्हर्जिनियातील विल्यम्सबर्गमध्ये. तेथील एका धर्मगुरूंनी आपल्या चर्चची दुरुस्ती १९०७ मध्ये पूर्ण केली होती आणि पुढे संपूर्ण वसाहतकालीन गावच पुन्हा उभे करण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी त्यांनी तेल-व्यवसायातील एका अतिश्रीमंत घराण्याच्या वारसदाराचे मन वळवले. १९२६ च्या डिसेंबरमध्ये पहिले घर घेण्यास संमती देणारी तार आली, तेव्हा तिच्याखाली दात्याचे नाव नव्हते. फक्त ‘डेव्हिडचे वडील’ एवढेच लिहिलेले होते. पुढे दीड वर्ष धर्मगुरू घरामागून घर घेत राहिले, गावात तर्कवितर्क चालू राहिले आणि अखेर सार्वजनिक जागांच्या हस्तांतरणासाठी गावाची संमती लागणार असल्याने १९२८ च्या जूनमध्ये जाहीर सभेत दात्याचे नाव उघड करण्यात आले.

खरा वाद आहे तो यानंतरच्या निर्णयाचा. गाव कोणत्या काळाचे दाखवायचे, याचे उत्तर अठराव्या शतकाचे, असे ठरले. त्यामुळे मूळच्या ८८ इमारती राखल्या गेल्या, परंतु त्यानंतरच्या काळातील सातशेहून अधिक इमारती पाडण्यात आल्या. १७८१ मध्ये जळालेला गव्हर्नरचा वाडा जुन्या पायावर नव्याने बांधून १९३४ मध्ये लोकांसाठी खुला करण्यात आला. त्यासाठी ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात सापडलेल्या एका ताम्रपटावरील चित्राचा मोठा आधार मिळाला. या संशोधनाची चिकाटी थक्क करणारी आहे, हे मान्य करावेच लागते. तरीही उभी असलेली एकोणिसाव्या शतकातील घरे पाडून नसलेली अठराव्या शतकातील घरे बांधणे याला जतन म्हणावे काय, ही टीकाकारांची शंका माझ्या मते आजही रास्त आहे. पैसा ज्याचा, कालखंडही त्याच्याच पसंतीचा, अशी ही व्यवस्था होती. ज्या कृष्णवर्णीय कुटुंबांची घरे या योजनेत गेली, त्यांच्या वाट्याला तर दुहेरी विस्मरण आले, कारण अठराव्या शतकात गावाची सुमारे निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय, बहुतांशी गुलाम होती आणि तरीही तेथील सादरीकरणात त्यांच्या आयुष्याला पद्धतशीर स्थान १९७९ पासूनच मिळू लागले. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी अठराव्या शतकात वापरलेली एक लहानशी इमारत १९३० मध्ये मूळ जागेवरून हलवण्यात आली होती. लाकडातील वार्षिक वलयांच्या तपासणीमुळे २०२० मध्ये तिची ओळख पटली आणि २०२३ मध्ये ती ऐतिहासिक परिसरात आणण्यात आली.

विल्यम्सबर्गइतका पैसा इतर गावांकडे नव्हता, आणि त्या अडचणीतूनच वेगळी वाट निघाली. जॉर्जियातील सव्हाना येथे १९५४ मध्ये जुनी मंडई वाहनतळासाठी पाडली गेल्यावर १९५५ मध्ये सात महिलांनी पुढाकार घेऊन १८२० चे एक विटांचे घर वाचवले. पुढे तेथे फिरता निधी उभा राहिला. धोक्यात आलेले घर घ्यायचे, दर्शनी भाग न बदलण्याची अट विक्रीखतात घालून ते विकायचे आणि आलेल्या पैशातून पुढचे घर घ्यायचे, अशी ही रीत आहे. यात दाता गाव स्वतःच्या मालकीचे करत नाही. घरांत माणसे राहत असतात, हा मला या पद्धतीचा मोठा गुण वाटतो.

त्यानंतर कायदा आला. १९६३ मध्ये न्यूयॉर्कचे भव्य रेल्वे स्थानक पाडण्यास सुरुवात झाली, त्या संतापाच्या पार्श्वभूमीवर १९६६ चा राष्ट्रीय कायदा झाला आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहरांचा वारसा-नियमनाचा अधिकार मान्य केला. वास्तूत बदल करण्याचा हक्क कायमचा सोडून देणारा, संस्थेच्या नावे केलेला करार याच काळात रूढ झाला. त्यावर करसवलत मिळू लागल्याने देणगी देण्याचे कारण आणि देणगीचे मोल ठरवण्याची पद्धत, दोन्हींवरून कर खात्याशी वाद होत आले आहेत. घर विकले गेले तरी असा करार पुढच्या मालकालाही बांधून ठेवतो आणि तो पाळला जातो की नाही हे संस्थेला वेळोवेळी जाऊन पाहावे लागते. म्हणूनच अनेक संस्था करार स्वीकारताना त्या देखरेखीसाठी दात्याकडून वेगळी ठेवही मागतात.