बाळबोली

तान्ह्या आणि रांगत्या मुलाशी मोठी माणसं जी वेगळीच भाषा बोलतात ती बाळबोली. हिला लाडाची बोली पण म्हणतात. मम्, दुदू, भुर्र, गाईगाई, हम्मा, भूभू, माऊ, पापा, बाऊ हे त्यातले शब्द सगळ्यांना माहीत आहेत त्यामुळं त्यांची यादी देत बसत नाही. पण एक फरक आधीच सांगायला पाहिजे, मूल स्वतः जे बोबडं बोलतं ते वेगळं आणि मोठी माणसं मुलासाठी जे बोलतात ते वेगळं, आणि ही नोंद दुसऱ्या गोष्टीची आहे. बऱ्याच ठिकाणी या दोन्हीची सरमिसळ होते आणि मग उगमाबद्दल भलतेच निष्कर्ष निघतात.

उगम किती जुना ते ठरवणं अवघड आहे. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०च्या सुमारास) नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला मुलाच्या बोबड्या बोलावर खूश होणारी आई येते, पण तिथं बोबडं बोलतंय ते मूल. तुकारामांच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या, एका अभंगात मुलासाठी हातात पाटी धरणारे पंत (म्हणजे शिक्षक) आणि मुलाची चाल ओळखून पाऊल टाकणारी आई आहे. मोठ्यानं मुलाच्या मापाचं व्हायचं ही कल्पना तिथं स्पष्ट दिसते, भाषेचा उल्लेख मात्र नाही. त्यामुळं बाळबोलीचा थेट पुरावा म्हणून या दोन्ही जागा धरता येत नाहीत, फार तर ती वृत्ती तेव्हा होती एवढंच म्हणता येतं.

पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, आणि त्यात मराठी अगदी पुढच्या रांगेत आहे ही गोष्ट आपल्याकडं फारशी कुणी सांगत नाही. १९६४ साली भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधली बाळबोली तपासली, त्या सहांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची (अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची) आणि गिल्याक (रशियाच्या पूर्व टोकाची) यांच्या जोडीला मराठी होती. त्याच वर्षी मराठी भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांचा फक्त मराठी बाळबोलीवरचा लेख निघाला. एखाद्या भाषेच्या बाळबोलीचा स्वतंत्र अभ्यास म्हणून तो सुरुवातीच्या कामांत मोडतो.

वाद आहे तो हे शब्द आले कुठून यावर. एक मत असं की मुलाच्या तोंडून जे सहज निघतं तेच मोठी माणसं उचलतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकबसन यांनी १९५९-६०च्या सुमारास 'ममा' सारख्या शब्दांबद्दल असं मांडलं की दूध पिताना तोंड बंद असतं, तेव्हा नाकातून जो म-कार निघतो तोच पुढं अन्न आणि आई यांच्याशी जोडला जातो. मराठीतलं मम् याला अगदी चपखल बसतं. दुसरं मत फर्ग्युसन यांचं, की ही बोली मोठ्यांकडून मोठ्यांकडं परंपरेनं येते आणि मूल ती नंतर शिकतं. मराठी शब्द बघितले तर दुसऱ्या मताकडं कल जास्त जातो. मम्, पापा, बाऊ यात ओठांवरचे सोपे उच्चार आहेत हे खरं, पण भुर्र बघा, त्यात महाप्राण (ह मिसळलेला) भ आहे आणि वर कंप पावणारा र्र, आणि र हा तर मुलांना उशिरा जमणाऱ्या आवाजांपैकी एक, बरीच मुलं तीन-चार वर्षांची झाली तरी राजा चा 'लाजा' करतात. म्हणजे भुर्र हा शब्द मुलाच्या तोंडून उचललेला असणं कठीण, तो पाखरू उडाल्याचा आवाज मोठ्यांनीच घडवलाय. तरी दोन्ही मतं थोडी थोडी खरी असावीत, मम् एका वाटेनं आला आणि भुर्र दुसऱ्या.

व्याकरणात मी-तू जवळजवळ गळून पडतं, 'आई आली बघ', 'बाळ मम् करणार?' असं चालतं, आणि मुलगा असो मुलगी असो लाडाला नपुंसकलिंग येतं, 'कुठं गेलं हुतं माझं सोनं?'. कोल्हापुरात यात अजून एक पदर आहे. इथल्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो', 'मी जातो' असं बोलतात, त्यामुळं आई 'आलो हं बाळा' म्हणते आणि आजी मुलीलाच 'माझा राजा' म्हणते. पेठेतल्या घरात वाढणारं मूल हे तिन्ही लिंगांचं मिश्रण ऐकतं आणि कोण कधी काय वापरतं ते न शिकवता बरोबर लावून घेतं.

मेंदूचं म्हणाल तर जन्मताना मेंदूचं वजन मोठ्या माणसाच्या साधारण पाव असतं आणि पहिल्या वर्षात ते दुपटीच्या आसपास जातं, आणि याच काळात कान आपल्या भाषेला लागतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये दाखवलं की इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या दंत्य त आणि मूर्धन्य ट मधला फरक ऐकू येतो, पण दहा-बारा महिन्यांपर्यंत तो जातो. आपल्याकडच्या बाळाला मात्र ताट आणि टाटा रोज कानावर पडतात म्हणून त्याचा फरक टिकतो. ॲन फर्नाल्ड यांनी १९८५ मध्ये दाखवलं की चार महिन्यांची बाळं साध्या बोलण्यापेक्षा बाळबोलीसारखं लांबवून, सूर चढवून बोललेलं ऐकणं पसंत करतात. १९९७ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांना अमेरिका, रशिया आणि स्वीडन तिन्हीकडं आया बाळाशी बोलताना स्वर ताणतात, जास्त स्पष्ट करतात असं आढळलं.

'बोबडं बोलू नकोस, पोरगं बोबडंच राहील' असं घरोघरी ऐकायला मिळतं. इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. काका ला मुद्दाम 'ताता' म्हणणं, म्हणजे उच्चार मोडणं, त्याचा मुलाला काही उपयोग नाही. पण हळू, सुरात, शब्द पूर्ण उच्चारून, मुलाच्या तोंडाकडं बघून बोलणं उपयोगाचं ठरतं, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आईवडिलांना हे शिकवल्यावर त्यांच्या मुलांचा दीड वर्षाचा शब्दसाठा जास्त निघाला. खरा जोर आहे तो देवाणघेवाणीवर, मुलानं 'आऽ' केलं की आपण 'व्हय गं बाय?' म्हणायचं आणि परत थांबायचं. सोप्यात (ओसरीत) बसून आजी, आत्ती, चुलती आलटून पालटून हेच करत असतात. रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांत बघितलं की शब्द किती पडले यापेक्षा संवादाच्या फेऱ्या किती झाल्या याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या हालचालीशी संबंध लागतो.

मोबाईलवर गाणी लावून मम् भरवायची सवय आता सगळीकडं आहे, आई एकटी असते आणि कामं पडलेली असतात हे पण खरंच आहे. पण कूल यांच्याच २००३च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या बाळांनी चिनी आवाज समोर बसलेल्या माणसाकडून शिकले, तेच पडद्यावर दाखवलं तर काही शिकले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांत दोन वर्षांच्या आतल्या मुलाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांत रोज एक तासाच्या वर नको असं आहे.

सगळ्या समाजांत बाळबोली असतेच असं नाही. सामोआत आणि पापुआ न्यू गिनीतल्या कालुली लोकांत मोठी माणसं बाळाशी असं बोलत नाहीत असं एलिनॉर ऑक्स आणि बांबी शिफलिन यांनी नोंदवलंय, तरी तिथली मुलं बोलायला शिकतातच. म्हणून बाळबोली ही अट नाही, मदत आहे, असं म्हणणं जास्त सुरक्षित. वर्षाचं होऊन पण मूल बडबड करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल तर 'याचा बाप पण उशिराच बोलला' म्हणत न बसता कान तपासून घेतात, कारण कमी ऐकू येणं हे त्यामागचं एक नेहमीचं कारण असतं.

बालवाडीच्या वयात हे शब्द आपोआप गळतात. पापा आणि भुर्र तेवढे उरतात, आणि हाका मारायची नावं. कोल्हापूरच्या पेठांत नातवंडं झालेल्या माणसाला पण कट्ट्यावर बाळू किंवा बाब्या म्हणूनच हाक येते.