बांडुंग की बेलग्रेड? दोन परिषदा आणि एक कायमचा घोळ

अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोन्ही गोटांपासून दूर राहणाऱ्या देशांची अलिप्ततावादी चळवळ कुठे जन्मली, असं विचारलं की कुणी बांडुंग सांगतं, कुणी बेलग्रेड. स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्येही दोन्ही उत्तरं भेटतात. बरोबर उत्तर बेलग्रेड, सप्टेंबर १९६१. बांडुंगची परिषद त्याआधी सहा वर्षं झाली आणि तिचा हेतूच वेगळा होता. नेहरू, इजिप्तचे नासर, इंडोनेशियाचे सुकार्नो या नावांमुळे दोन्ही परिषदा एकच वाटतात, पण यजमानांनी कुणाला बोलावलं आणि कुणाला नाही हे पाहिलं की फरक लगेच कळतो.

बांडुंग हे इंडोनेशियातलं पश्चिम जावामधलं शहर. १८ ते २४ एप्रिल १९५५ या काळात तिथे आशिया-आफ्रिका परिषद भरली. भारत, पाकिस्तान, इंडोनेशिया, ब्रह्मदेश आणि सिलोन हे पाच निमंत्रक धरून २९ देश आले. निमंत्रणाचा निकष मुख्यतः भूगोलाचा होता. देश आशियातला किंवा आफ्रिकेतला हवा, मग तो कुणाच्या गोटात आहे हे गौण. (इस्रायल आणि दक्षिण आफ्रिका मात्र वगळले गेले.) त्यामुळे एकाच सभागृहात अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या नाटो या लष्करी कराराचा सदस्य तुर्कस्तान, तशाच आग्नेय आशियासाठीच्या सिएटो करारातले पाकिस्तान, थायलंड आणि फिलिपाइन्स, कम्युनिस्ट चीन आणि दोन्ही व्हिएतनाम बसलेले होते. याला अलिप्तांचं संमेलन कसं म्हणणार?

साहजिकच खडाजंगी झाली. वसाहतवादाचा निषेध करायचा तर पूर्व युरोपातल्या सोव्हिएत वर्चस्वाचाही करा, असं सिलोनचे पंतप्रधान कोटेलावाला म्हणाले आणि वातावरण तापलं. लष्करी करारांत सामील होणं नेहरूंना कमीपणाचं वाटत होतं, पण करार केलेले देशही समोरच बसलेले. ‘शांततामय सहजीवन’ हा शब्दप्रयोगही काहींना कम्युनिस्ट वळणाचा वाटला. त्यावर चीनचे चौ एन-लाय यांनी तोडगा सुचवला की, तसं असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतले शब्द घेऊ. शेवटी दहा तत्त्वं ठरली. पंचशीलाचा, म्हणजे भारत-चीन यांनी मान्य केलेल्या शांततामय सहजीवनाच्या पाच तत्त्वांचा, आशय त्यांत आला, पण एकट्याने किंवा सामूहिकरीत्या स्वसंरक्षण करण्याचा हक्कही मान्य झाला. आणि लगेच पुढे, सामूहिक संरक्षणाची व्यवस्था बड्या राष्ट्रांच्या स्वार्थासाठी वापरू नये, असंही लिहिलं गेलं. दोघांचंही समाधान करणारा असा मसुदा वाचताना मला गंमत वाटते. पाकिस्तान आणि भारत दोघेही आपलंच म्हणणं मान्य झालं असं समजून घरी जाऊ शकत होते.

या परिषदेला एक दुःखद मराठी संदर्भही आहे. चिनी शिष्टमंडळातल्या काहींना आणि पत्रकारांना हाँगकाँगहून जकार्ताला नेणाऱ्या एअर इंडियाच्या ‘काश्मीर प्रिन्सेस’ विमानात ११ एप्रिल १९५५ रोजी बाँबस्फोट झाला. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी जळतं विमान समुद्रावर उतरवण्याचा प्रयत्न केला. १६ जण गेले, तिघे वाचले. चौ एन-लाय त्या विमानात नव्हते. जटार यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आता बेलग्रेड. ही तेव्हाच्या युगोस्लाव्हियाची राजधानी. युगोस्लाव्हिया युरोपातला देश, म्हणून बांडुंगच्या चौकटीत तो बसतच नव्हता. १ ते ६ सप्टेंबर १९६१ या काळात त्याचे अध्यक्ष टिटो यांनी जी परिषद भरवली तिचं प्रवेशपत्र भूगोलाचं नव्हतं, धोरणाचं होतं. जूनमध्ये कैरोला झालेल्या तयारीच्या बैठकीत अटी ठरल्या होत्या: स्वतंत्र परराष्ट्र धोरण, स्वातंत्र्य चळवळींना पाठिंबा, बड्या राष्ट्रांच्या संघर्षातून जन्मलेल्या लष्करी करारांत सहभाग नाही आणि त्या संघर्षासाठी परक्यांना लष्करी तळही दिलेला नाही. शेवटच्या अटीची शब्दरचना मुद्दाम सैल होती. आपल्या भूमीवर ग्वांतानामोचा अमेरिकी तळ असूनही क्यूबा त्यात बसला.

२५ देश सदस्य म्हणून आले. बोलिव्हिया, ब्राझील आणि इक्वेडोर हे निरीक्षक. पाकिस्तान, तुर्कस्तान, चीन यांपैकी कुणीच नाही. इराकचं उदाहरण तर सगळा फरकच दाखवतं. बांडुंगला तो बगदाद कराराचा (पाश्चात्त्य गोटातला लष्करी करार, पुढे सेंटो) सदस्य म्हणून आला होता, बेलग्रेडला आला तो १९५९ साली तो करार सोडल्यानंतर.

विषयही बदलले होते. बर्लिनची भिंत उभी राहायला सुरुवात होऊन तीन आठवडेही झाले नव्हते आणि परिषद सुरू झाली त्याच दिवशी सोव्हिएत संघाने अणुचाचण्या पुन्हा सुरू केल्या. नेहरूंचं म्हणणं, आधी युद्ध टाळा. सुकार्नोंचं, आधी वसाहतवाद संपवा. परिषदेचं आवाहन घेऊन नेहरू आणि घानाचे एन्क्रुमा मॉस्कोला गेले, सुकार्नो आणि मालीचे मोदिबो केइटा वॉशिंग्टनला.

टिटो आणि एन्क्रुमा यांच्यावरून एक सोपी खूण लक्षात ठेवता येते. बांडुंगला हे दोघेही नव्हते. त्यामुळे नेहरू, नासर, सुकार्नो यांच्याबरोबर हे दोघे दिसणारा पाच जणांचा प्रसिद्ध फोटो बांडुंगचा असूच शकत नाही. तो १९६० सालचा, न्यूयॉर्कमधला आहे.

बांडुंगचंच पुढे बेलग्रेड झालं, असं सरळ सांगणाऱ्यांनी १९६४-६५ सालाकडे पाहावं. तेव्हा चीन आणि इंडोनेशियाला ‘दुसरं बांडुंग’ हवं होतं, तर भारत आणि युगोस्लाव्हियाला ‘दुसरं बेलग्रेड’. चीनशी झालेल्या १९६२ च्या युद्धानंतर भारताची ओढ कुठे असणार हे उघड होतं. दुसरं बेलग्रेड ऑक्टोबर १९६४ मध्ये कैरोला पार पडलं. दुसरं बांडुंग अल्जीयर्सला व्हायचं होतं, पण जून १९६५ मध्ये परिषदेच्या तोंडावरच तिथे अल्जीरियाचे अध्यक्ष बेन बेल्ला यांची सत्ता उलथली, आणि ती परिषद कधी भरलीच नाही.

पाकिस्तानला अलिप्ततावादी चळवळीत जागा मिळाली ती १९७९ साली, सेंटो करारातून बाहेर पडल्यावर. चीन आजही तिथे निरीक्षकच आहे.