प्रोटोटाइप कार्ट्रिज

व्हिडिओ गेम बाजारात येण्याआधी, तो घडत असताना किंवा मासिकांच्या परीक्षकांना दाखवण्यासाठी कंपनीने स्वतःपुरती बनवलेली कार्ट्रिज म्हणजे प्रोटोटाइप कार्ट्रिज. संग्राहक तिला नुसते ‘प्रोटो’ म्हणतात. आपल्याकडे कार्ट्रिजला सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाते. या नोंदीतही पुढे तोच शब्द वापरला आहे. प्रोटो दोन प्रकारचे असतात. पहिल्यात पुढे प्रसिद्ध झालेल्या गेमचा कच्चा खर्डा असतो. दुसऱ्यात कधीच विक्रीला न आलेला गेम असतो, आणि तेव्हा ती कॅसेट हीच त्याची एकमेव ज्ञात प्रत असू शकते. जुने कन्सोल, म्हणजे गेम खेळायची यंत्रे, जमवणाऱ्यांचा खरा जीव या दुसऱ्या प्रकारात अडकलेला असतो. पहिला प्रकारही कमी रंजक नाही. नोव्हेंबर १९९२ मध्ये आलेल्या ‘सॉनिक २’चा एक प्रोटो १९९९ मध्ये इंटरनेटवर सापडला. अंतिम गेममधून काढून टाकलेली ‘हिडन पॅलेस’ ही पातळी त्यात चालू अवस्थेत होती. तिची कीर्ती इतकी पसरली, की २०१३ च्या मोबाइल आवृत्तीत ती रीतसर परत आली.

रचना. दुकानातल्या कॅसेटमध्ये मास्क रॉम असते. तिच्यातली माहिती कारखान्यात चिप घडतानाच तिच्यात कोरली जाते. ती नंतर बदलता येत नाही आणि सहजी पुसलीही जात नाही. पण अशी चिप करून घ्यायला आठवडे लागत, आणि हजारोंची ऑर्डर असल्याशिवाय ती परवडत नसे. रोज बदलणाऱ्या गेमसाठी म्हणून ईप्रॉम ही पुसून पुन्हा लिहिता येणारी चिप वापरत. तिच्यातल्या प्रत्येक बिटासाठी सगळीकडून बंद केलेला एक अतिसूक्ष्म कप्पा असतो. त्यात विद्युतभार कोंडलेला असला की तिथे ० वाचला जातो, कप्पा रिकामा असला की १. चिपच्या पाठीवर क्वार्ट्झची गोल खिडकी असते. तिच्यातून अतिनील प्रकाश पंधरा-वीस मिनिटे सोडला की सगळे कप्पे रिकामे होतात आणि चिप पुन्हा लिहायला मोकळी होते.

या खिडकीवर स्टिकर चिकटवणे सक्तीचे असे, कारण साधे ऊनही ईप्रॉम पुसते. चिप बनवणाऱ्यांच्या हिशेबाने थेट उन्हात उघडी ठेवलेली ईप्रॉम आठवडाभरात कोरी होऊ शकते. ट्यूबलाइटखाली त्याला सुमारे तीन वर्षे लागतात. प्रोटो उघडला की आधी नजरेत भरतात ते हे स्टिकर. त्यांच्यावर पेनाने गेमचे नाव, तारीख, कधी माहिती नीट उतरली का ते पडताळण्यासाठीचा बेरजेचा आकडा लिहिलेला असतो. सेगा मेगा ड्राइव्हच्या प्रोटोत बऱ्याचदा दोन चिपा शेजारी असतात, एकीवर ‘ऑड’, दुसरीवर ‘इव्हन’. सोळा बिटांतले अर्धे या चिपेत, अर्धे त्या. निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलमध्ये हीच वाटणी ‘पीआरजी’ आणि ‘सीएचआर’ अशी असते: एकीत प्रोग्रॅम, दुसरीत चित्रे. चिपा काढता-घालता याव्यात म्हणून बसवलेल्या सॉकेटमुळे त्या उंच बसतात, मग प्लॅस्टिकचे कवच मिटत नाही आणि कुणीतरी ते पात्याने कापलेले दिसते. सुबकपणा पाहायचा तर प्रोटो हाती घेऊ नये.

क्षय आणि वाचन. ईप्रॉमच्या कप्प्यांतला भार वर्षानुवर्षे किंचित झिरपत राहतो. उत्पादकांनी त्या काळी दहा वर्षांच्या आसपासची खात्री दिली होती. आज त्यांतल्या अनेक चिपा तिशी ओलांडून गेल्या आहेत. क्षय झाला की शून्याचा एक होतो, एकाचा शून्य आपोआप होत नाही. हा एकेरी रस्ता वाचणाऱ्याच्या फार उपयोगाचा. एकाच चिपेचे पाच-सहा वेळा वाचन करायचे आणि फायली शेजारी ठेवायच्या. एखादा बिट कधी ० तर कधी १ येत असेल, तर तिथे मुळात ० असण्याचीच शक्यता जास्त. काही जण वाचणाऱ्या यंत्राचा वीजपुरवठा ५ व्होल्टच्या किंचित खाली आणून पुन्हा वाचतात, कारण अशक्त झालेले शून्य कमी व्होल्टला जास्त भरवशाने उमटते.

या वाचनाला ‘डंप’ म्हणतात. काम फार मोठे नाही. स्टिकर जागच्या जागी ठेवून चिप सॉकेटमधून दोन्ही टोकांनी आळीपाळीने, केसाकेसाने उचलायची, पाय वाकू द्यायचे नाहीत, आणि प्रोग्रॅमर या चिपा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्रात बसवायची. ५१२ केबीची चिप वाचायला चहाचा घोटही पुरतो. जिथे चिपा थेट बोर्डावर डाख देऊन बसवलेल्या आहेत, तिथे मात्र सोल्डर शोषून काढताना बोर्डावरची तांब्याची पत्री उचकटण्याची भीती असते. तिथे नवशिक्याने हात घालू नये, कारण दुसरी प्रत नसते.

डंप करावा की करू नये, यावर या छंदात जुने भांडण आहे. फाईल सगळ्यांना मिळाली की कॅसेटची किंमत पडते, असे बाळगणाऱ्यांना वाटते आणि काही जण ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवतात. त्यांचा हिशेब पैशाच्या बाजूनेही कच्चा आहे. शंभरभर बिट गळून गेलेली आणि सुरूच न होणारी कॅसेट कुणी कशाला घेईल?

गाजलेली उदाहरणे. जपानमध्ये २७ जुलै १९८९ रोजी फॅमिकॉमसाठी, म्हणजे एनईएसच्या जपानी रूपासाठी, ‘मदर’ हा गेम आला. निन्टेन्डोच्या अमेरिकी शाखेने १९९० मध्ये त्याचे इंग्रजी रूप पुरे केले. संवाद भाषांतरित झाले, काही चित्रे बदलली आणि खेळाचा शेवट वाढवला गेला. पण तोवर पुढचा कन्सोल उंबरठ्यावर आला होता. मजकुराने भरलेला, जाड पुस्तिका लागणारा गेम जुन्या यंत्रासाठी छापणे विक्री विभागाला पटले नाही आणि तो बाजूला पडला. १९९८ मध्ये त्याची एक प्रोटो कॅसेट एका संग्राहकाच्या हाती लागली. हौशी भाषांतरकारांच्या ‘डेमिफोर्स’ या गटाने ती त्याच्याकडून मिळवून डंप केली. आत चोरीविरोधी सापळा होता. एम्युलेटरवर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमवर, तो उलटायचा, म्हणून फाईलमध्ये दुरुस्ती करावी लागली. पडद्यावर नाव ‘अर्थ बाउंड’ होते, पण त्या नावाचा पुढचा भाग अमेरिकेत १९९५ मध्येच येऊन गेला होता. म्हणून चाहत्यांनी याला ‘अर्थबाउंड झीरो’ म्हणायला सुरुवात केली. हे सगळे हौशी मंडळींनीच रचले आहे, असा संशय पुढे बराच काळ घेतला गेला. अखेर १४ जून २०१५ रोजी निन्टेन्डोने ‘अर्थबाउंड बिगिनिंग्ज’ या नावाने तोच गेम विकायला काढला, आणि संवाद तेच निघाले. कंपनीने गेम प्रसिद्ध केला तेव्हा तो बाहेर फिरून सतरा वर्षे झाली होती.

‘स्टार फॉक्स २’ची गोष्ट उलट्या बाजूने चालते. निन्टेन्डो आणि ब्रिटनच्या आर्गोनॉट कंपनीने तो सुपर निन्टेन्डोसाठी, सुपर एफएक्स २ या जोडचिपेच्या बळावर पूर्ण केला होता. पण प्लेस्टेशन आणि सॅटर्न या प्रतिस्पर्धी कन्सोलच्या त्रिमितीपुढे तो फिका दिसेल, आणि पुढे येणाऱ्या निन्टेन्डो ६४ च्या त्रिमितीशी त्याची सरमिसळ नको, म्हणून तो थांबवण्यात आला. अपुऱ्या प्रती बाहेर फिरल्या आणि चाहत्यांनी त्या ठिगळे लावून खेळल्या. पूर्ण झालेली प्रत मात्र कंपनीकडेच होती. ती २९ सप्टेंबर २०१७ रोजी एसएनईएस (सुपर निन्टेन्डो) क्लासिक या छोट्या कन्सोलमध्ये घालून विकली गेली.

खुद्द कन्सोलचेही प्रोटो असतात. सोनी आणि निन्टेन्डो यांनी मिळून करायचा सीडीवाला सुपर निन्टेन्डो १९९१ मध्ये फिसकटला. त्याचा एक नमुना दिवाळखोर कंपनीच्या सामानाच्या लिलावातून ७५ डॉलरच्या ढिगात कुणाकडे तरी गेला आणि २०१५ मध्ये जगापुढे आला. कॅसेट चालायची, सीडी ड्राइव्ह बंद होता. कन्सोलच्या उठाठेवींसाठी प्रसिद्ध असलेल्या बेन हेक यांनी तो चालू करून दाखवला. मार्च २०२० मध्ये त्याला लिलावात ३,६०,००० डॉलर मिळाले.

बनावट प्रती. इंटरनेटवरची फाईल जुन्या ईप्रॉममध्ये भरायची, पिवळट स्टिकर लावायचा आणि ‘प्रोटो’ म्हणून विकायची, हा धंदा तेजीत आहे. जुन्या कोऱ्या ईप्रॉमही सहज मिळतात. ओळखायला चिपेवरचा छाप पाहावा. ९२१४ असेल तर ती १९९२ च्या चौदाव्या आठवड्यातली. १९९१ ची तारीख मिरवणाऱ्या प्रोटोवर असा छाप असेल, तर पुढे बोलायचे कारण नाही. उलट छाप जुळला म्हणजे माल अस्सल ठरला, असे मात्र नाही. फाईल आधीच फिरणाऱ्या डंपशी शेवटच्या बाइटपर्यंत जुळत असेल, तर संशय वाढवावा.

कायदा. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या आहे, त्याला ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. ती इतरांना वाटण्याची मुभा त्यात नाही. अमेरिकेत कंपनीने करून घेतलेल्या आणि कधीच प्रसिद्ध न झालेल्या कामाचे हक्क निर्मितीपासून १२० वर्षे टिकतात. म्हणजे १९९२ मध्ये रद्द झालेला गेम २११२ संपेपर्यंत बंदिस्त. त्याची ईप्रॉम तोवर टिकणार नाही. प्रत्यक्षात बंद पडलेल्या कंपन्यांचे हक्क कुणाकडे आहेत हे कुणालाच धड ठाऊक नसते, आणि जतनाचे बहुतेक काम या धूसर पट्ट्यात चालते. मार्च २०२१ मध्ये ‘हिडन पॅलेस’ या जतन करणाऱ्या गटाने प्लेस्टेशन २ च्या सातशेहून अधिक प्रोटो आणि डेमोंच्या फायली एका दमात खुल्या केल्या.

चालवण्याचे यंत्र. प्रोटो चालवायला जुना कन्सोल धडधाकट लागतो. एनईएसमध्ये कुलूपचिप असते. कॅसेटमधली जोडीदार चिप नसेल किंवा संपर्क नीट होत नसेल, तर ही कुलूपचिप कन्सोलला दर सेकंदाला रिसेट करते आणि लाल दिवा लुकलुकत राहतो. तिचा चौथ्या क्रमांकाचा पाय उचलून तोडला की कुलूप कायमचे उघडे. जपानी फॅमिकॉमला असे कुलूपच नाही. सेगाच्या गेम गिअरमधले कंडेन्सर गळून पत्री खातात. आवाज गेला किंवा पडदा काळवंडला की ते सगळे बदलणे हाच उपाय. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची सवय जगभर होती. ती सोडावी: थुंकीच्या ओलीने मुलामा दिलेले संपर्क गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरतो. खोडरबर घासणे हा आपल्याकडचा लाडका इलाज मुलामा खरवडतो.

भारतात. त्या काळात कन्सोलचे गेम भारतात घडत नव्हते, त्यामुळे इथल्या माळ्यावर प्रोटो सापडण्याची आशा जवळजवळ नाही. अधिकृत कन्सोलही महाग होते. शॉ वॉलेस कंपनीने १९९५ मध्ये विकायला आणलेला मेगा ड्राइव्ह १८,००० रुपयांचा होता. घरोघरी पोचले ते फॅमिकॉमचे तैवानी-चिनी नकलावतार, म्हणजे ‘टीव्ही गेम’, आणि त्यांच्या ‘९९९९९९९ इन १’ कॅसेटी, ज्यांत मोजून थोडेच गेम वेगवेगळ्या नावांनी फिरत. हौशी लोक आजही ते मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि चोर बाजारात, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात धुंडाळतात. कॅसेट उघडली की बहुधा चिप दिसत नाही. बोर्डावर काळ्या रेझिनचा एक गोळा असतो, त्याखाली उघडी सिलिकॉनची चकती. तो गोळा उचलला तर चकतीच्या तारा तुटतात, म्हणून अशी कॅसेट साठ पिनांच्या कडेवरूनच वाचावी लागते. त्यातही आतल्या बँका, म्हणजे माहितीचे कप्पे, बदलण्याची तऱ्हा प्रत्येक कारखान्याची निराळी असते. ती कळेपर्यंत डंपमध्ये पहिलाच गेम पुन्हा पुन्हा येत राहतो.